कॉम्प्युटर माझा, मग परवानगी कुणाची?

“कॉम्प्युटर माझा, पैसे मी मोजले, मग तो मलाच परवानगी कसली मागतो?” हे वाक्य सावेडीतल्या फ्लॅटमध्ये ऐकू येतं, राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या वसतिगृहात ऐकू येतं आणि शेवगाव-पाथर्डीकडच्या झेरॉक्सच्या दुकानातही. जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, दरम्यान विंडोजच्या चार-पाच आवृत्त्या येऊन गेल्या, वाक्य मात्र तेच राहिलं. त्याच्या पाठोपाठ येणारं दुसरं वाक्यही ठरलेलं: “तो बॉक्स कायमचा बंद करून टाका ना!” मग घरातला हुशार भाचा किंवा दुकानातला दुरुस्तीवाला कंट्रोल पॅनेलमध्ये शिरतो, तिथली उभी पट्टी तळापर्यंत ओढतो आणि काम फत्ते झाल्याच्या थाटात खुर्चीवरून उठतो.

काम फत्ते झालेलं नसतं. किरकिर थांबलेली असते, एवढंच.

गैरसमज: मी ॲडमिनिस्ट्रेटर असूनही कॉम्प्युटर विचारतो, म्हणजे काहीतरी बिघडलंय.

काहीही बिघडलेलं नाही. उलट, ॲडमिनिस्ट्रेटर असूनही विचारलं जातं, हीच यंत्रणा नीट चालू असल्याची खूण आहे. २००७ साली घराघरांत आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय आहे. तिचं नाव यूजर अकाउंट कंट्रोल, म्हणजे यूएसी.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून तुम्ही आत शिरता तेव्हा विंडोज तुमच्या नावाने दोन ओळखपत्रं तयार करतं. एक साध्या वापरकर्त्याचं, दुसरं पूर्ण अधिकाराचं. डेस्कटॉप, ब्राउझर, वर्ड, व्हिडिओ हे सगळं पहिल्या ओळखपत्रावर चालतं. दुसरं बाजूला ठेवलेलं असतं आणि तुम्ही ‘येस’ म्हटल्यावर फक्त त्या एका प्रोग्रामच्या हाती पडतं. सरपंच चहाच्या टपरीवर बसताना ग्रामपंचायतीचा शिक्का खिशात घेऊन बसत नाही. ठराव आला की कपाटातून काढतो, उमटवतो आणि परत ठेवतो. म्हणून त्याचं सरपंचपद कमी होत नाही. शिक्का कायम टपरीच्या बाकावर ठेवला, तर तो कोण कुठे उमटवील याची खात्री मात्र उरत नाही.

मग हा प्रश्न अपमानासारखा का वाटतो? आपली सवय जुनी आहे म्हणून. विंडोज ९८ मध्ये पासवर्डच्या चौकटीवर ‘कॅन्सल’ दाबलं तरी घरचा कॉम्प्युटर मुकाट आत घ्यायचा. २००१ मध्ये एक्सपी आलं आणि त्यातही घरी बनवलेली खाती मुळातच ॲडमिनिस्ट्रेटरची असायची, बहुतेक वेळा पासवर्डविना. त्याच साली एमकेसीएल या संस्थेची स्थापना झाली आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातली आख्खी पिढी तिच्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटर अभ्यासक्रमाच्या निमित्ताने एक्सपीवर हात बसवून बाहेर पडली. जो कॉम्प्युटर कधी काही विचारत नाही, तोच चांगला कॉम्प्युटर, हा समज तिथे पक्का झाला.

व्हिस्टाने त्याला तडा दिला, तोही जरा जास्तच जोरात. दर चार क्लिकमागे एक प्रश्न यायचा. हा वैताग काही प्रमाणात जाणूनबुजून दिलेला होता. डेव्हिड क्रॉस या मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने २००८ च्या आरएसए सुरक्षा परिषदेत तशी उघड कबुली दिली. गरज नसताना ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मागणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांवर ग्राहकांनी चिडावं आणि त्या कंपन्यांनी सुधारावं, असा तो डाव होता. तो बऱ्यापैकी साधलाही. आज ब्राउझर उघडताना किंवा पत्र टाइप करताना हा प्रश्न येत नाही. तो येतो नवीन सॉफ्टवेअर किंवा प्रिंटरचा ड्रायव्हर टाकताना, डिजिटल सहीच्या टोकनची सोय बसवताना, सगळ्या कॉम्प्युटरला लागू होणारी सेटिंग बदलताना. घरी अशी कामं महिन्यातून किती वेळा होतात, ते ज्याचं त्याने आठवावं.

आता कंट्रोल पॅनेलमधल्या त्या पट्टीबद्दल. यूएसीचा प्रश्न आला की मागचा पडदा काळवंडतो. तो शोभेसाठी काळवंडत नाही. त्या क्षणी विंडोज एका वेगळ्या, बंदिस्त डेस्कटॉपवर गेलेलं असतं आणि तिथे दुसऱ्या कुठल्या साध्या प्रोग्रामला माउस हलवून ‘येस’ दाबता येत नाही. उत्तर माणसानेच द्यावं, यासाठी ही तजवीज आहे. पट्टी तळाला नेली की ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात मागेल त्या प्रोग्रामला पूर्ण अधिकार न विचारता मिळतात. घरात दुसरं साधं खातं असेल, मुलांचं म्हणा, तर तिथे नेमकं उलटं घडतं: अधिकार लागणारी प्रत्येक गोष्ट न विचारता नाकारली जाते. “पोराच्या खात्यात गेम इन्स्टॉलच होत नाही, पासवर्डसुद्धा विचारत नाही,” या तक्रारीचं मूळ अनेकदा या ओढलेल्या पट्टीत सापडतं.

याहून वरचा एक प्रकार आहे. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ याच नावाचं एक अंगभूत खातं विंडोजमध्ये असतं आणि व्हिस्टापासून ते बंद करून ठेवलेलं असतं. काही दुरुस्तीवाले ते चालू करून गिऱ्हाइकाला रोजच्या वापरासाठी देतात, कारण त्यात प्रश्नच येत नाहीत. मग विंडोज १० मध्ये कॅल्क्युलेटर किंवा फोटो उघडायला गेलं की अंगभूत ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून हे उघडता येत नाही असा निरोप येतो आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात. जे खातं अडचणीच्या वेळेपुरतं राखून ठेवलंय, त्यात संसार थाटायचा नसतो.

“पण माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे काय चोरण्यासारखं?” हा पुढचा सवाल. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा घातकी प्रोग्राम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून बाहेर पडला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून थेट आपल्या न्हावाशेवापर्यंत पोहोचला. तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या गेटवे टर्मिनल्सचं काम ठप्प झालं. हल्ल्याचं लक्ष्य तिथला कंटेनर चालवणारा माणूस नव्हता. तो वाटेत आला. मायक्रोसॉफ्टने या प्रोग्रामची जी चिरफाड प्रसिद्ध केली, तिच्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. हा प्रोग्राम आधी आपल्याला अधिकार किती मिळालेत ते तपासायचा. पूर्ण अधिकार मिळाले, तर मेमरीतले पासवर्ड उचलून शेजारच्या यंत्रांवर उडी मारायचा आणि डिस्कचा कॉम्प्युटर सुरू करून देणारा भागच पुसायचा. तेवढे अधिकार नसले, तर नासधूस फाइलींपर्यंत अडायची. फाइली जाणं काही कमी दुःखाचं नाही. पण नुकसान किती खोल जाणार, हे अधिकारावर ठरतं, ते असं.

अव्हेक्टो या कंपनीने २०१३ सालच्या मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-सूचना तपासून मांडलं होतं, की त्यांतल्या ‘क्रिटिकल’ म्हणून नोंदलेल्या त्रुटींपैकी ९२ टक्क्यांचा धोका केवळ ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार काढून घेतले तरी कमी होतो. कंपनी असेच अधिकार सांभाळण्याचं सॉफ्टवेअर विकायची, तेव्हा आकड्याकडे थोडं डोळे बारीक करून बघावं. तरीही त्याचा रोख चुकीचा नाही.

फसवणुकीचे फोन येतात त्यांचंही हेच. “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, आम्ही दुरुस्त करतो, एवढं ॲप घ्या.” लांबून ताबा देणाऱ्या ॲपचा गैरवापर होतोय, याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. अशा साध्या पद्धतीने जोडलेल्या माणसाला तो काळवंडलेला पडदा लांबून दाबता येत नाही, म्हणून तो गोड आवाजात सांगतो, “सर, आता ‘येस’ करा.” त्या क्षणी तुमच्या आणि त्याच्या मध्ये तेवढी एकच चौकट उभी असते, आणि तीच तुम्ही भाच्याकडून बंद करून घेतलेली असते. ‘येस’ दाबून पैसे गेलेच, तर विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

दुकानांमधून हा बॉक्स इतक्या हौसेने का बंद केला जातो, हेही एकदा बोलून टाकू. फुकटात टाकून दिलेलं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करणारे प्रोग्राम पूर्ण अधिकार मागतात आणि वर अँटिव्हायरसही बंद करायला लावतात. प्रश्न विचारणारी यंत्रणा अशा कामात अडथळाच ठरते. गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, “विंडोजचा प्रॉब्लेम आहे.” हा विंडोजचा प्रॉब्लेम नव्हे.

आता दुसरी बाजू. यूएसी म्हणजे अभेद्य तटबंदी, असंही कुणी समजू नये. मायक्रोसॉफ्ट स्वतःच तिला सुरक्षेची सीमा मानत नाही, कारण एकाच माणसाची दोन ओळखपत्रं शेवटी एकाच खात्यात नांदत असतात आणि एकातून दुसऱ्यात शिरायच्या वाटा वेळोवेळी सापडल्या आहेत. खरा आडोसा दोन वेगळ्या खात्यांचा आहे. एक ॲडमिनिस्ट्रेटरचं, पासवर्ड असलेलं, क्वचित वापरायचं. दुसरं साधं, रोजचं.

ते करताना क्रम चुकवू नका. आधी सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये नवं खातं तयार करा, त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करा, पासवर्ड द्या आणि त्यातून एकदा आत जाऊन बघा. ते चालतंय याची खात्री पटली, की मगच आपलं रोजचं खातं ‘स्टँडर्ड’ करा. तुमच्या फाइली, डेस्कटॉप, ब्राउझरमधल्या खुणा सगळं जागच्या जागी राहतं. क्रम उलटा केला आणि घरात एकही ॲडमिनिस्ट्रेटर उरला नाही, तर प्रश्न येतो खरा, पण त्यातलं ‘येस’चं बटण मेलेलं असतं. हा प्रसंग खरोखरच बिकट असतो.

गैरसमज: परवानगीचे सगळे बॉक्स एकच.

एक नाहीत, आणि अर्धी अडचण इथेच सुटते. नुसतं येस-नो विचारलं, तर तुम्ही ॲडमिनिस्ट्रेटर आहात. प्रोग्रामचं नाव वाचा, आपणच तो सुरू केला होता का ते आठवा आणि उत्तर द्या. चौकटीची वरची पट्टी निळी असेल तर प्रकाशकाची सही तपासून खरी ठरली आहे. पिवळी असेल तर प्रकाशक अनोळखी आहे. पासवर्ड मागितला, तर तुम्ही साध्या खात्यात आहात. तिथे चौकटीत ज्याचं नाव दिसतंय त्या ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. आपला पासवर्ड दहा वेळा ठोकून उपयोग नाही. तिसरा प्रकार फोल्डर उघडताना ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणण्याचा. त्याचा यूएसीशी थेट संबंध नसतो. जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क नव्याला लावली की हमखास हे होतं, कारण त्या फोल्डरवर जुन्या यंत्रातल्या खात्याची मालकी नोंदलेली असते. नाव तेच असलं तरी विंडोज खातं ओळखतं ते आतल्या क्रमांकावरून. ॲडमिनिस्ट्रेटरने मालकी आपल्याकडे घेतली की फोल्डर उघडतं.

गैरसमज: पासवर्ड विसरला म्हणजे फॉरमॅट मारावा लागणार.

बहुतेक वेळा नाही. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर फोनवरूनच पासवर्ड बदलता येतो. नंतर कॉम्प्युटरला इंटरनेट जोडा, नाहीतर तो जुनाच पासवर्ड धरून बसेल. फक्त त्या यंत्रापुरतं खातं असेल, तर २०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये सुरुवातीला भरून घेतलेले सुरक्षा-प्रश्न कामी येतात. पासवर्ड एकदा चुकला की त्यांची वाट समोर येते. घरात दुसरा ॲडमिनिस्ट्रेटर असेल तर तोही पासवर्ड बदलून देऊ शकतो. मात्र विंडोजच्या ईएफएस सोयीने कुलूपबंद केलेल्या फाइली असतील, तर अशा परस्पर बदलानंतर त्या उघडत नाहीत. नव्या लॅपटॉपवर डिस्कच कूटबद्ध असू शकते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. दुकानात जाण्याआधी ती शोधा.

गैरसमज: पासवर्ड बरोबर आहे, कॉम्प्युटरच घेत नाही.

मराठी टायपिंग करणाऱ्यांच्या घरात हे रोजचं. कळफलक मराठीवर राहिला की चौकटीत काळे ठिपके दिसतात, पण ते ठिपके देवनागरी अक्षरांचे असतात. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजीवर या, कॅप्स लॉक बघा, आकडी पिन असेल तर नम लॉकही.

गैरसमज: पिन म्हणजे छोटा पासवर्ड, आणि म्हणून कच्चा.

पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो. तो चोरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुमच्या खात्यात शिरता येत नाही. पासवर्डने येतं.

गैरसमज: पासवर्ड रिकामा ठेवला की कटकट मिटते.

नवीच सुरू होते. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून सामायिक फोल्डर किंवा प्रिंटर उघडत नाही, त्याचं कारण अनेकदा हे.

गैरसमज: काही चालेना, की ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ हे रामबाण औषध.

त्याने नव्या व्याधी जडतात. पूर्ण अधिकाराने उघडलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला नेटवर्कवरचा ‘झेड’ ड्राइव्ह दिसत नाही, कारण तो साध्या ओळखपत्रावर जोडलेला असतो. डेस्कटॉपवरची फाइल त्यात ओढून टाकता येत नाही. कळफलक अडवून मराठी उमटवणारी सॉफ्टवेअर साध्या अधिकारावर चालत असतील, तर अशा खिडकीत त्यांचं काही चालत नाही. “फॉन्ट उडाला” अशी बोंब होते, फॉन्ट जागेवरच असतो.

गैरसमज: ॲडमिनिस्ट्रेटरला काहीही पुसता येतं.

विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या नावावर असते. त्याची परवानगी मागितली जाते तेव्हा अर्थ सरळ आहे: हात लावू नका.

गैरसमज: लिनक्स घ्या, हे असलं काही नसतं.

तिथे तर रीत आणखी जुनी. अधिकार तात्पुरता देणारी ‘सुडो’ ही आज्ञा १९८० च्या सुमाराची आहे. काळ्या खिडकीत पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा न दिसणं सहसा मुद्दाम असतं. कीबोर्ड बदलू नका, टाइप करून एंटर दाबा.

गैरसमज: अँटिव्हायरस आहे ना, मग बाकी कशाला?

पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून कैलास काटकरांनी क्विक हील उभी केली, त्याचा अभिमान जरूर असावा. पण कुठलाही अँटिव्हायरस तुम्ही स्वतः ‘येस’ म्हणून आत घेतलेल्या पाहुण्यापुढे कमी पडू शकतो.

गैरसमज: साधं खातं केलं, आता आपण सुरक्षित.

तुमच्या फाइली बदलायचा अधिकार तुम्हाला आहे, म्हणजे तुमच्या खात्यात चालणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रामलाही आहे. बाहेरच्या डिस्कवर प्रत ठेवा आणि प्रत घेऊन झाली की ती डिस्क काढून ठेवा.

शेवटी, कॉम्प्युटर दुरुस्तीला देणाऱ्यांसाठी. यंत्र ताब्यात घेताना बिलाइतकंच लक्ष तीन गोष्टींकडे द्या. यावर ॲडमिनिस्ट्रेटरची खाती कोणकोणती आहेत? त्यांचे पासवर्ड माझ्याकडे आहेत का? आणि ती पट्टी तळाला तर ओढलेली नाही ना? दुकानाने स्वतःच्या सोयीसाठी बनवलेलं, ज्याचा पासवर्ड फक्त दुकानाला ठाऊक आहे असं खातं घरच्या कॉम्प्युटरवर सापडलं, तर ते तिथेच, काउंटरवरच काढायला लावा. “कॉम्प्युटर माझा” हे वाक्य वापरायची खरी जागा तीच आहे.